एकेक पायरी हजाराची

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या मावशीला रात्री अकराच्या सुमारास अचानक दवाखान्यात न्यावे लागले. दाखल करून घेताना तिथल्या सिस्टरनी विचारले, ‘‘आजींना रोजची कोणती औषधे चालू आहेत?’’ मी खिशातला कागद काढला आणि आठवतील तशी नावे भराभर लिहून दिली. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, थायरॉईडची गोळी. प्रत्येक नावापुढे आकडा आणि आकड्यापुढे ‘मिग्रॅ’. सिस्टरनी कागदावरून नजर फिरवली, एका ओळीवर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘काका, ही गोळी पन्नास मिलिग्रॅमची नसते हो. पन्नास मायक्रोग्रॅमची असते.’’

मी बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. मिली म्हणजे हजारावा भाग आणि मायक्रो म्हणजे दशलक्षावा भाग, हे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी माझ्याच चुकीचा हिशेब केला. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पन्नास हजार मायक्रोग्रॅम. म्हणजे मावशीच्या एका गोळीच्या जागी मी हजार गोळ्या लिहून दिल्या होत्या. शंभर गोळ्यांची एक बाटली धरली तर दहा बाटल्या, एका सकाळी!

हजार गोळ्या कोणी कोणाला देत नाही, हे खरे. चूक एवढी मोठी होती की ती लगेच दिसली. पण सगळ्याच औषधांचे असे नसते. काही इंजेक्शने इतकी तीव्र असतात की त्यांची मात्रा मायक्रोग्रॅममध्येच मोजावी लागते, आणि तिथे हजारपट चूकही एखाद्या सिरिंजमध्ये मावून जाऊ शकते. एक छोटासा उपसर्ग, पण त्याच्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो. मावशी चार दिवसांनी बरी होऊन घरी आली. माझ्या मनातून मात्र तो कागद जाईना. हे मिली, मायक्रो, नॅनो आले कुठून? ते कोणी ठरवले, का ठरवले, आणि आपण त्यांच्यात गोंधळ का घालतो? आजचे हे बोलणे त्या कागदाच्या निमित्ताने.

अतिशय लहान वस्तू मोजण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनांची एक उतरंड दिलेली आहे. झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसतो तो धूलिकण म्हणजे त्रसरेणू. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, म्हणजे उवेचे अंडे. तीन लिक्षांचा एक राजसर्षप, म्हणजे मोहरीचा दाणा. तीन राजसर्षपांचा एक गौरसर्षप, सहा गौरसर्षपांचा एक मध्यम जव, आणि तीन जवांचे एक कृष्णल. कृष्णल म्हणजे आपली गुंज. लाल अंगाची, काळ्या तोंडाची, सोनाराच्या तराजूतली गुंज.

गुणाकार केला तर एका गुंजेत १२९६ त्रसरेणू होतात. आता गुंजेचे वजन पाहू. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. इंग्रजी अमदानीत १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवण्यात आला. तो आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम भरतो. त्यावरून गुंज साधारण १२१ मिलिग्रॅमची येते. मनूच्या काळची गुंज हीच धरली, तर झरोक्यातला तो कण सुमारे ९४ मायक्रोग्रॅमचा ठरतो. प्रत्यक्षातले धूलिकण याहून कितीतरी हलके असतात, पण महत्त्वाचे ते नाही. डोळ्याला दिसणाऱ्या सर्वांत लहान गोष्टीपासून मोजायला सुरुवात करावी, हा विचार महत्त्वाचा.

अडचण होती ती पायऱ्यांची. आठ, तीन, तीन, सहा, तीन. एकही पायरी दुसरीसारखी नाही. आपल्या रोजच्या व्यवहारातही तेच होते. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. हा हिशेब तोंडी जमावा म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकावी लागली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. त्या पिढीची बुद्धी तल्लख होती असे आपण कौतुकाने म्हणतो. ती होतीच. पण त्या बुद्धीचा केवढा तरी भाग नुसता मापांशी झुंजण्यात खर्ची पडत होता!

हीच अवस्था अठराव्या शतकातल्या फ्रान्सची होती. तिथे गावागणिक माप वेगळे. एका अंदाजाप्रमाणे आठशेच्या आसपास नावांखाली अडीच लाख वेगवेगळी मापे चालू होती. जमीनदार धान्य घेताना मोठे माप वापरी आणि देताना लहान. १७८९ च्या क्रांतीच्या वेळी लोकांच्या गाऱ्हाण्यांत मापांचे गाऱ्हाणे वारंवार येते, त्याचे कारण हे. तेव्हा क्रांतिकारकांनी ठरवले, की कोणा राजाच्या पावलावरून किंवा हातावरून नव्हे, तर सगळ्या मानवजातीच्या मालकीच्या वस्तूवरून माप घ्यायचे. ती वस्तू म्हणजे पृथ्वी. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर.

हे अंतर काढण्यासाठी देलांब्र आणि मेशें हे दोन खगोलशास्त्रज्ञ १७९२ मध्ये निघाले. एकाने उत्तरेकडे डंकर्कच्या बाजूने आणि दुसऱ्याने दक्षिणेकडे बार्सिलोनाच्या बाजूने मोजत यायचे होते. युद्ध, अटक, संशयी गावकरी या सगळ्यांतून वाट काढत त्यांना हे काम पुरे करायला जवळजवळ सात वर्षे लागली. मेशेंला बार्सिलोनाच्या आपल्या मोजणीत एक बारीक विसंगती आढळली. ती त्याने लपवली आणि पुढे आयुष्यभर तिने त्याला छळले. मोजणी सुधारण्यासाठी तो पुन्हा स्पेनमध्ये गेला आणि तिथेच १८०४ साली तापाने मरण पावला. शेवटी जो मीटर ठरला, तो खऱ्या हिशेबापेक्षा सुमारे दोन दशांश मिलिमीटरने आखूड निघाला. त्याला मुख्यतः कारण झाला तो मेशें नव्हे, तर पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे याचा चुकलेला अंदाज. दोन दशांश मिलिमीटर म्हणजे दोनशे मायक्रोमीटर. आपल्या डोक्याचे तीन केस शेजारी शेजारी ठेवले तर होईल तेवढी रुंदी!

मीटरची मोजणी चालू असतानाच, ७ एप्रिल १७९५ रोजी, फ्रान्सने कायदा करून मापांची नावे ठरवली. आपल्या विषयाचा खरा जन्म त्या दिवशी झाला. दर मापाला नवे नाव शोधण्याऐवजी एकच नाव घ्यायचे आणि त्याच्यामागे उपसर्ग जोडायचा, ही त्या कायद्यातली कल्पना. मोठ्या मापांसाठी ग्रीक शब्द घेतले: डेका म्हणजे दहा, हेक्टो म्हणजे शंभर, किलो म्हणजे हजार. लहान मापांसाठी लॅटिन शब्द घेतले: डेसी, सेंटी, मिली. लॅटिनमध्ये ‘मिले’ म्हणजे हजारच. पण इथे त्याचा अर्थ झाला हजारावा भाग. ग्रीक हजार गुणण्यासाठी आणि लॅटिन हजार भागण्यासाठी, अशी ती वाटणी होती. किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली ही जी ओळ आपण शाळेत एका दमात म्हणत आलो, ती त्या कायद्याची देणगी आहे.

लोकांना ती लगेच आवडली असे मात्र नाही. फ्रान्समधल्या दुकानदारांना आणि शेतकऱ्यांना दहापेक्षा बाराचा हिशेब सोपा वाटे, कारण बाराचे निम्मे, तिसरा हिस्सा, पाव असे सरळ भाग पडतात. १८१२ मध्ये नेपोलियनने जुन्या नावांची मापे व्यवहारात परत येऊ दिली. अखेर १ जानेवारी १८४० पासून मेट्रिक मापे फ्रान्समध्ये सक्तीची झाली. पुढे २० मे १८७५ रोजी सतरा देशांनी मीटरच्या करारावर सह्या केल्या आणि हे माप साऱ्या जगाचे होऊ लागले.

या पहिल्या ओळीत सर्वांत लहान पायरी होती मिली. कापड, धान्य, जमीन मोजणाऱ्यांना तेवढी पुरत होती. पण एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टींनी ती अपुरी पाडली. एक सूक्ष्मदर्शक, दुसरी वीज.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा जिवाणू मिलिमीटरमध्ये सांगायचा तर दशांशचिन्हापुढे शून्येच शून्ये लिहावी लागतात. म्हणून १८७९ साली मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला ‘मायक्रॉन’ हे अधिकृत नाव मिळाले. विजेची गोष्ट आणखी गमतीची. ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या संघटनेने १८७४ च्या सुमारास मापांची जी पद्धत मांडली, तिच्यात मायक्रो आणि मेगा हे दोन उपसर्ग आले. विद्युतभार साठवून धरण्याची क्षमता मोजणारे ‘फॅरड’ हे माप एवढे अवाढव्य आहे, की व्यवहारात त्याचा दशलक्षावा भाग, म्हणजे मायक्रोफॅरड वापरावा लागे. रेडिओ आला तेव्हा तोही मोठा पडू लागला. मग मायक्रोचाही मायक्रो करून ‘मायक्रोमायक्रोफॅरड’ असे माप कंडेन्सरवर छापले जाऊ लागले. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना ते अजून आठवत असेल. आज आपण त्यालाच पिकोफॅरड म्हणतो. तसेच मायक्रॉनच्या हजाराव्या भागाला ‘मिलिमायक्रॉन’ म्हणत, तो आजचा नॅनोमीटर.

प्रकाशाच्या लहरींची लांबी मोजणाऱ्यांनी आपली वेगळीच चूल मांडली होती. स्वीडनच्या अँगस्ट्रॉम या शास्त्रज्ञाने १८६८ साली सूर्यप्रकाशातल्या रेषांचा नकाशा प्रसिद्ध केला, तो मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या मापात. पुढे त्या मापालाच अँगस्ट्रॉम हे नाव पडले. दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर.

एवढ्या लहान मापाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याच १८६८ सालची, ऑगस्टमधली गोष्ट सांगतो. १८ ऑगस्टला आपल्या देशातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. ते पाहण्यासाठी गुंटूर, जमखंडी अशा ठिकाणी परदेशी शास्त्रज्ञ दुर्बिणी लावून बसले होते. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांच्या प्रकाशात त्यांना एक पिवळी रेषा दिसली. पिवळी रेषा म्हटली की सोडियम, हे तेव्हा ठाऊक होतेच. पण नीट मोजल्यावर ती सोडियमच्या जागी बसेना. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात आणि ही ५८७.६ वर होती. फरक दीड नॅनोमीटरहूनही कमी. नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, ती रेषा पाहिली आणि हे पृथ्वीवर न सापडलेले मूलद्रव्य असले पाहिजे असा तर्क केला. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना ते पृथ्वीवरच्या एका खनिजात सापडले. आपल्याकडे लॉकियर यांचे नाव विजयदुर्गाशी जोडले जाते, तेही खरेच आहे. मात्र ते तिथे आले १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणासाठी. १८६८ साली ते इंग्लंडमध्ये होते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ पाहायला जाल तेव्हा हे वर्ष लक्षात ठेवा, आणि एक-दीड नॅनोमीटरच्या फरकातून एक मूलद्रव्य हाती लागले, हेही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी अवस्था आली, की एकाच लांबीला कोणी मिलिमायक्रॉन म्हणे, कोणी दहा अँगस्ट्रॉम. मापांचा जुना बाजार प्रयोगशाळांतून पुन्हा भरू लागला होता. मग १९६० साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘एस. आय.’ ही पद्धत मुक्रर केली आणि उपसर्गांची नवी यादी दिली. मायक्रोच्या खाली नॅनो आणि पिको आले. नॅनो हा ग्रीक शब्द, अर्थ बुटका. पिकोचे मूळ स्पॅनिश भाषेत सांगतात. तिथे त्याचा अर्थ चोच, आणि थोडेसे, चिमूटभर असाही. एका मापाला एकच उपसर्ग लावायचा, उपसर्गावर उपसर्ग चढवायचा नाही, हा नियम झाला. मिलिमायक्रॉन गेला, मायक्रोमायक्रोफॅरड गेला. १९६७ मध्ये खुद्द मायक्रॉन हे नावही अधिकृत यादीतून काढले गेले. त्याचे नाव आता मायक्रोमीटर. बोलण्यात मात्र मायक्रॉन अजून टिकून आहे, जसा सोनाराकडे तोळा टिकून आहे. आपण दहा ग्रॅमला तोळा म्हणतो आणि जुन्या तोळ्यातले पावणेदोन ग्रॅम कधी निघून गेले, ते आपल्याला कळलेही नाही.

भारतात हा बदल झाला तो माझ्या लहानपणी. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वजनमापांचा कायदा १९५६ चा. मेट्रिक वजने ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल १९६२ पासून सक्तीची झाली. आमचे तालुक्याच्या गावी किराणा मालाचे दुकान होते. वडिलांनी भिंतीवर रूपांतराचा तक्ता टांगला होता. एक आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. खरे तर एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, पण पाव पैसा द्यायचा कुठून? मग एकेक आण्याची वस्तू चार वेळा घेणाऱ्याचा एक पैसा वाचे. आम्हा पोरांना हे गणित तक्ता लागला त्याच दिवशी समजले होते!

वजनाचे गणित मात्र भांडणाचे होते. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून ६७ ग्रॅमने मोठा. म्हणजे शेराला रुपया पडणारी वस्तू किलोला एक रुपया सात पैशांना द्यायला हवी. वडील भाव वाढवून सांगत आणि गिऱ्हाईक म्हणे, ‘‘शेठ, सरकारनं माप बदललं आणि तुम्ही भाव बदलला!’’ वडील मग एका पारड्यात शेर आणि दुसऱ्यात किलो ठेवून दाखवत. किलोचे पारडे खाली जाई. बोलून न पटलेले माणसाला तराजूने पटे. आज मला वाटते, की माप समजावून देण्याची याहून चांगली रीत नाही.

तीच रीत लहान मापांना लावून पाहू. मिलीच्या खाली उतरलो, की प्रत्येक पायरी हजाराची. एक मीटरचे हजार मिलिमीटर. एक मिलिमीटरचे हजार मायक्रोमीटर. एक मायक्रोमीटरचे हजार नॅनोमीटर. एका नॅनोमीटरचे हजार पिकोमीटर. लक्षात ठेवायचे ते एवढेच: पायरी उतरताना हजाराने गुणा, चढताना हजाराने भागा. माप लहान झाले की आकडा मोठा होतो, माप मोठे झाले की आकडा लहान होतो. रुपयाची मोड घेतली की नाणी वाढतात, तसेच हे. दोन पायऱ्या उतरायच्या असतील तर हजाराने दोनदा गुणायचे.

वर्तमानपत्रात हवेच्या प्रदूषणाच्या बातमीत ‘पी. एम. २.५’ असे शब्द येतात. म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. अडीच मायक्रोमीटर म्हणजे अडीच हजार नॅनोमीटर. करोनाचा विषाणू साधारण शंभर नॅनोमीटरचा. म्हणजे अशा एका कणाच्या रुंदीत पंचवीस विषाणू ओळीने बसतील. केस सत्तर मायक्रोमीटरचा धरला, तर त्याच्या जाडीत असे अठ्ठावीस कण बसतील. आणि आपल्या पेशीतला डीएनएचा दोर अवघ्या दोन नॅनोमीटर रुंदीचा. सगळी मापे एका पायरीवर आणली की तुलना आपोआप होते. किलो आणि शेर दोन पारड्यांत ठेवण्यासारखेच हे.

एका ठिकाणी मात्र सावध राहावे लागते. लांबीची पायरी हजाराची, पण आकारमानाची पायरी हजार गुणिले हजार गुणिले हजार, म्हणजे शंभर कोटींची. एका घन मिलिमीटरमध्ये शंभर कोटी घन मायक्रोमीटर मावतात. डेंग्यूच्या साथीत घरोघरी प्लेटलेटची चर्चा होते. एका प्रयोगशाळेचा अहवाल ‘दर घन मिलिमीटरला दीड लाख’ म्हणतो, दुसरीचा ‘दर मायक्रोलिटरला दीड लाख’. लोक घाबरतात. घाबरू नका, दोन्ही एकच आहेत. एक लिटर म्हणजे दहा लाख घन मिलिमीटर, म्हणून एक घन मिलिमीटर म्हणजे बरोबर एक मायक्रोलिटर.

लांबीप्रमाणे वेळेलाही हेच उपसर्ग लागतात. अमेरिकन नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर आपल्या व्याख्यानात श्रोत्यांना सुमारे तीस सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटत आणि म्हणत, हा एक नॅनोसेकंद. कारण एका नॅनोसेकंदात प्रकाश तेवढेच अंतर जातो. मायक्रोसेकंद म्हणून त्या तारेचे भले मोठे भेंडोळे दाखवत, कारण त्याला जवळजवळ तीनशे मीटर तार लागते. पिकोसेकंदासाठी मिरपुडीचा कण पुरे होई. माझे हे बोलणे घेऊन निघालेली रेडिओची लहर तीस किलोमीटरवरच्या घरी पोहोचायला शंभर मायक्रोसेकंद लागतात. आता तुम्ही त्याला एका सेकंदाचा दहा हजारावा भागही म्हणू शकाल.

१९६० नंतरही ही शिडी खाली वाढतच गेली. १९६४ मध्ये फेम्टो आणि ॲटो आले. डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत पंधराला ‘फेम्टेन’ आणि अठराला ‘आट्टेन’ म्हणतात. दशांशचिन्हानंतर पंधराव्या आणि अठराव्या घरात एक आला म्हणून ही नावे. १९९१ मध्ये सात आणि आठ या आकड्यांवरून झेप्टो आणि योक्टो आले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये रॉन्टो आणि क्वेक्टो. संगणकातली माहिती मोजायला वरच्या बाजूला मोठे उपसर्ग हवे होते, त्यांना जोड म्हणून खालचेही दिले गेले. मिलीपासून क्वेक्टोपर्यंत आता बरोबर दहा पायऱ्या झाल्या, प्रत्येक हजाराची.

या नुसत्या कागदावरच्या पायऱ्या नाहीत. रासायनिक क्रिया घडताना अणू कसे हलतात हे फेम्टोसेकंदात टिपल्याबद्दल अहमद झेवेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲटोसेकंदाच्या प्रकाशझोतांसाठी २०२३ चे भौतिकशास्त्राचे पारितोषिक अगोस्तिनी, क्राउस आणि श्रीमती लुइलिए यांना मिळाले. ॲटोसेकंद म्हणजे किती लहान? विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. त्यात जितके सेकंद झाले, त्याच्या दुपटीहून जास्त ॲटोसेकंद एका सेकंदात असतात. आणि सगळ्यांत खालच्या पायऱ्यांवर, एका इलेक्ट्रॉनचे वस्तुमान एका रॉन्टोग्रॅमहून किंचित कमी भरते.

झरोक्यातल्या त्रसरेणूपासून निघालेला माणूस कुठवर उतरला पाहा. डोळ्याला दिसेनासे झाले तेव्हा त्याने भिंगाचा आधार घेतला, भिंगही थकले तेव्हा प्रकाशाचा. पण इतक्या खोल उतरूनही तो वाट चुकला नाही, कारण पायऱ्या सारख्या होत्या. मापात सचोटी हवी म्हणून रस्त्यावर आलेल्या फ्रेंच शेतकऱ्याला ही कल्पनाही नसेल, की आपले गाऱ्हाणे इलेक्ट्रॉनपर्यंत जाऊन पोहोचणार आहे.

आता पुन्हा त्या कागदाकडे. मायक्रोसाठी ग्रीक ‘म्यू’ हे अक्षर वापरतात आणि हाताने घाईत लिहिलेला म्यू इंग्रजी एमसारखा दिसतो. मग मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो. म्हणून औषधांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारे सांगतात, की म्यू लिहूच नका, मायक्रोग्रॅम हा शब्द पुरा लिहा. अर्धा लिहायचा असेल तर टिंबाआधी शून्य लिहा, ०.५ असे. नुसते टिंब पुसट झाले तर त्याचे पाच होतात. आणि पाच लिहायचे असेल तर नुसते ५ लिहा. ५.० मधले टिंब दिसले नाही तर त्याचे पन्नास होतात.

मी मावशीच्या औषधांचा नवा कागद केला. सगळी मापे अक्षरांत, पुरी लिहिली. तिने चष्मा लावून तो वाचला आणि विचारले, ‘‘एवढ्याशा गोळीत पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे किती रे औषध?’’ मी म्हटले, ‘‘मावशी, एका गुंजेचे अडीच हजार भाग केले, तर त्यातला एक.’’ तिने गोळी तळहातावर घेऊन निरखली. तिच्या आईच्या हातची गुंज तिने पाहिलेली आहे. माप तिला कळले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)